स्वस्त आर्केड मशीन विकायला काढल्यावर कळतं ते

घरगुती आर्केड मशीन म्हणजे नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या कपाटाची घरासाठीची नक्कल. त्याची परीक्षणं बहुतेक पहिल्या आठवड्यातली असतात. पडदा चकचकीत, बटणं नवी आणि लिहिणारा खूश. हे परीक्षण मशीन भरपूर खेळून, उघडून, दुरुस्त करून आणि शेवटी विकून झाल्यावरचं आहे. टीव्ही आणि मॉनिटर दुरुस्त करणं हे माझं काम, त्यामुळे कुठलीही वस्तू घरात आली की ती मागून कशी दिसते हे मी आधी बघते. कंपनीचं नाव घेत नाही. या किमतीतल्या मशिनांची जातकुळी साधारण एकच असते.

मूळ आर्केड मशीन म्हणजे दणकट प्रकरण. चक्रव्यूहात भुतांना चुकवत पळायच्या, 1980 मधल्या ‘पॅकमॅन’ या खेळाचं उभं कपाट शंभर किलोच्या पुढे जातं, आत जड पिक्चर ट्यूब असते आणि दिवसभर अनोळखी माणसांच्या थपडा खाईल असा बांधा असतो. घरगुती मशीन उंचीला त्याच्या पाऊण भागाएवढं. सपाट खोक्यातून सुटे भाग येतात, ते आपणच जोडायचे. आत 17 इंची एलसीडी, तळहाताएवढं सर्किट बोर्ड आणि एक बारका स्पीकर. बाकी सगळी हवा. मागची फळी काढलीत तर ‘मोठं घर पोकळ वासा’ म्हणजे काय ते डोळ्यांनी दिसेल.

पोकळ असण्याला माझी हरकत नाही. खेळ चालवायला आज तेवढंच बोर्ड पुरतं. हरकत आहे ती हाताला आणि डोळ्यांना लागणाऱ्या दोन गोष्टींना.

पहिली जॉयस्टिक. पॅकमॅनला चारच दिशा लागतात, आणि मूळ मशीनची जॉयस्टिकही चार दिशांचीच होती. माझ्या मशीनमध्ये आठ दिशांची बसवलेली. वळण यायच्या जरा आधी दांडा वर ढकलायचा हा या खेळाचा प्राण. इथे दांडा थोडा तिरका गेला की वर आणि उजवीकडे अशा दोन्ही सूचना एकदम जातात आणि पॅकमॅन सरळ भुताच्या तोंडात. आपली चूक समजून माणूस खेळत राहतो. चांगल्या जॉयस्टिकला खाली दांड्याची हालचाल बांधणारी चौकट असते. सान्वा या जपानी कंपनीच्या जेएलएफ जॉयस्टिकमध्ये ती काढून फिरवली की आठाच्या चार दिशा होतात. तशी जॉयस्टिक बसवली आणि त्याच मशीनवर वळणं चुकायची थांबली. म्हणजे बोर्ड ठीक होतं, कंजुषी दांड्यात केली होती.

दुसरी गोष्ट पडदा, आणि इथे माझ्यातली मेकॅनिक जास्तच वैतागते. स्वस्त पॅनेल बहुधा टीएन जातीचं असतं. समोरून छान दिसतं, पण वरून किंवा खालून पाहिलं की रंग फिरतात. त्यात पाऊण उंचीचं मशीन, म्हणजे उभा माणूस वरूनच बघणार. पॅकमॅन, गॅलागा यांसारख्या उभ्या पडद्याच्या खेळांसाठी तेच पॅनेल आडव्याचं उभं करतात, मग वर-खालचा दोष डावीकडे-उजवीकडे येतो. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघांना भुतांचे रंग वेगवेगळे दिसतात. एकट्यानं खेळतानाही एक डोळा झाकून बघा, मग दुसरा; काळ्या रंगातला फरक कळतो. आयपीएस या दुसऱ्या जातीच्या पॅनेलवर हे जवळजवळ होत नाही. विकत घेताना पडद्याचे इंच विचारू नका, पॅनेल कुठलं ते विचारा.

लाकडाबद्दल थोडक्यात सांगते. खरं तर ते लाकूड नाहीच, भुसा दाबून केलेली फळी आणि वर छापील पट्टा. तळाच्या उघड्या कडेला ओल्या फडक्याचं पाणी लागत राहिलं की ती फुगते आणि फुगलेली कड पुन्हा बसत नाही. जॉयस्टिकजवळ जिथे तळहात टेकतो तिथलं चित्र घासून जातं. पहिल्या दिवशीच वर पातळ अ‍ॅक्रिलिक लावलं तर टिकतं.

आता विक्री. जाहिरात टाकली की पहिला प्रश्न खेळांबद्दल येईल असं कुणालाही वाटेल. मला आलेला पहिला प्रश्न होता, “ताई, याचं खोकं आहे का?” प्रश्न रास्त आहे. जोडलेलं मशीन साध्या गाडीत मावत नाही आणि कुरियरनं पाठवायचं तर भाडंच अंगावर येतं. सुटं करावं, तर दाबलेल्या भुशात स्क्रूची पकड पहिल्यांदाच काय ती घट्ट बसते. पुन्हा जोडताना भोकं सैल होतात आणि कपाट हलायला लागतं. म्हणून गिऱ्हाईक जवळपासचंच मिळतं, आणि गिऱ्हाइकं कमी असली की भाव तेच ठरवतात.

त्यात दुकानांचे सेल. नवं मशीन सवलतीत लागलं की त्या दिवशी तुमच्या जुन्याची किंमत तुमच्या हातात राहत नाही. भाव टिकतो तो दर्जावर नाही, बाजूच्या फळीवर छापलेल्या नावावर. परवाना असलेल्या नामांकित खेळाचं मशीन बनायचं बंद झालं, तर शोधणारे थोडेफार असतात. ‘हजारो खेळ एकात’वाल्या विनापरवाना खोक्यांना तसं कुणी शोधत येत नाही, कारण तसलंच नवं कधीही मिळतं.

आणि सुधारणांचे पैसे वसूल होत नाहीत. माझ्याकडे आलेल्या गृहस्थांनी मोबाइलच्या उजेडात तळाची कड तपासली, प्रत्येक बटण दाबून पाहिलं आणि नवी जॉयस्टिक दाखवल्यावर विचारलं, “मूळची आहे ना?” त्यांना मूळचीच हवी होती. मी त्यांच्यासमोर मूळची बसवून दिली, चांगली काढून घेतली, आणि त्यांनी आधी ठरलेलेच पैसे दिले. नव्याच्या निम्म्याहून थोडे कमी. मला ते चुकीचं वाटलं नाही. आतल्या भागांचा हिशेब केला तर त्याची खरी किंमत साधारण तेवढीच होती.

म्हणून हे मशीन नवं घेऊ नका, वापरलेलं घ्या. पहिली घट दुसऱ्यानं सोसलेली असते आणि घासलेलं चित्र किंवा खराब जॉयस्टिक हा भाव पाडायचा मुद्दा होतो, आणि ते बदलायला एक संध्याकाळ पुरते. फुगलेली कड किंवा टीएन पडदा असलेलं मशीन मात्र घेऊच नका. ते सुधारायला बसलात तर नवं मशीन स्वस्त पडेल. वायफायवरची गुणतालिका हवी असेल तर ती सेवा अजून सुरू आहे का ते मशीन चालू करून बघा, कारण ती कंपनीच्या सर्व्हरवर चालते. विकणाऱ्यांनी आपलं खातं आणि वायफायचा पासवर्ड पुसून मगच द्यावं. आणि भाव बोलताना छापील किंमत कुणी सांगितली तर ऐकू नका. शेवटच्या सेलमध्ये ते कितीला होतं ते शोधा आणि त्याच्या निम्म्यापासून खाली सुरुवात करा.