मोसंबीच्या बागेत घडीचे चाकू : उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा वापरल्यानंतर

घडीच्या चाकूविषयी लिहिणारे बहुतेक जण पात्याच्या पोलादापासून सुरुवात करतात. जालना जिल्ह्यातील आमच्या मोसंबीच्या बागेत तीन पारंपरिक चाकू तिन्ही ऋतूंत आलटूनपालटून रोज वापरल्यावर माझे मत मात्र सांध्यावर, म्हणजे पाते मुठीला जिथे जोडलेले असते त्या जागेवर, येऊन थांबले आहे. धार गेली तर ती दगडावर पुन्हा आणता येते. पण काळ्या मातीची बारीक धूळ, फळाचा रस आणि चुकीचे तेल यांचा लगदा सांध्यात एकदा बसला की चांगल्यातला चांगला चाकूही उघडता उघडत नाही.

चाकू तीन : फ्रान्सच्या ओपिनेलचा कार्बन पोलादाचा क्रमांक ८, स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचा पायोनियर आणि जपानचा हिगोनोकामी. कामे नेहमीचीच : ठिबकच्या १६ मिलिमीटर नळ्या सरळ कापणे, खताच्या गोणीची शिवण उसवणे, सुतळी तोडणे, डिंक्या रोगाने सडलेली साल खरवडणे, रोपांवर डोळे भरणे (म्हणजे कलम करणे) आणि दुपारी भाकरीबरोबर काकडी चिरणे. कांदा आमच्याकडे बुक्कीनेच फोडतात, त्यामुळे तिथे चाकूला काम नाही.

ओपिनेलची सुरुवात १८९० साली सव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी केली. पाते, बीच लाकडाची मूठ, खिळा, धातूची स्थिर पट्टी आणि तिच्यावर फिरणारी कडी असे त्याचे एकूण पाच भाग असतात. त्यातील कडी १९५५ साली आली. पाठीला स्प्रिंग नसल्यामुळे ८.५ सेंटिमीटरचे पाते लाकडाच्या चिरेत केवळ घट्टपणावर बसते आणि उघडल्यावर कडी फिरवून पक्के करावे लागते. रचना इतकी साधी आहे की बिघडण्यासारखे त्यात काहीच नाही असे प्रथम वाटते. पण लाकूड हवेप्रमाणे वागते. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडच्या कोरड्या उन्हात ते आकसले आणि पाते बोटाने ढकलले तरी हलू लागले. जुलैच्या झडीत तेच लाकूड इतके फुगले की नखाने पाते बाहेर ओढणे अशक्य झाले. यावर सव्हॉयमधील लोकांची एक जुनी युक्ती आहे. कडी मोकळी करून मुठीचे मागचे टोक टेबलावर आपटले की पात्याचा सांध्याजवळचा भाग वर उचकटतो आणि तो धरून पाते उघडता येते. बांधावरच्या दगडावरही ती तितकीच चालते. काही जण वैतागून मुठीची चीर आतून पॉलिश पेपरने घासून रुंद करतात. मराठवाड्यात हा उपाय मी सुचवणार नाही, कारण श्रावणात घासून सैल केलेली चीर पुढच्या चैत्रात पात्याला धरूनच ठेवत नाही आणि मग सगळा भार कडीवर येतो. त्यापेक्षा चिरेच्या आणि सांध्याभोवतीच्या लाकडात जवसाचे तेल मुरवून चाकू काही दिवस उघडाच वाळू द्यावा. पाणी पिण्याची लाकडाची खोड त्याने पुरती जात नाही, पण बरीच कमी होते.

तेलाबाबत थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण घरात जे तेल असेल तेच चाकूला लावण्याची आपली रीत आहे. जवस आणि करडई ही दोन्ही तेले हवेत राहून घट्ट होत जातात आणि त्यांचा चिवट पापुद्रा बनतो. लाकडाच्या मुठीसाठी हा गुण चांगला आहे, पण सांध्यात तोच पापुद्रा धुळीला धरून ठेवतो. खोबरेल तेल असे वाळत नाही. मात्र ते साधारण २४ अंशांच्या खाली गोठते, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी बागेत गेल्यावर सांधा जड लागतो आणि ऊन वर आल्यावर आपोआप हलका होतो. औषधाच्या दुकानात बद्धकोष्ठावर मिळणारे लिक्विड पॅराफिन मला सर्वांत योग्य वाटले. ते वाळत नाही, त्याला वास नाही आणि त्याच पात्याने नंतर काकडी कापली तरी हरकत नाही. एक थेंब टाकून पाते चार-सहा वेळा उघडझाप करावे आणि बाहेर आलेले काळे तेल फडक्याने पुसून घ्यावे.

पोलादाचा निर्णय बागेतील औषधांनी केला. मोसंबीच्या रसाने कार्बन पोलादावर निळसर करडा थर चढतो. तो पुसू नये, कारण त्याच्यामुळे तांबडा गंज लवकर धरत नाही. खरवडलेल्या सालीवर लावण्यासाठी एक किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार), एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी या प्रमाणात आम्ही बोर्डो पेस्ट करतो. मिश्रणात चुना कमी पडला आहे का, हे पाहण्यासाठी त्यात लोखंडी पाते थोडा वेळ बुडवून धरण्याची पद्धत जुनी आहे. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळे राहिले असे समजून आणखी चुना घालायचा. ओपिनेलचे पाते या परीक्षेला उत्तम चालते. न गंजणाऱ्या पोलादावर तांबे सहजी चढत नाही, म्हणून पायोनियर तिथे कामाचा नाही. (परीक्षेनंतर पाते धुऊन कोरडे केल्याशिवाय त्याने काही खाऊ नये, हे सांगायला नकोच.) याच्या अगदी उलट गोष्ट डोळे भरताना घडते. एका झाडाचा रोग चाकूवाटे दुसऱ्या झाडाला जाऊ नये म्हणून पाते वरचेवर सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणात बुडवावे लागते आणि ते द्रावण कार्बन पोलादाला अक्षरशः खाते. त्यामुळे रोपवाटिकेत ओपिनेल आणि हिगोनोकामी दोघेही बाद झाले.

पायोनियरविषयी तक्रारी थोड्या आहेत. स्विस सैनिकांना १९६१ पासून मिळालेल्या ॲल्युमिनियमच्या खडबडीत मुठीच्या चाकूचाच हा भाऊबंद आहे. मिटल्यावर लांबी ९३ मिलिमीटर, मूठ ओल्या हातातून सटकत नाही. पाते पाठीच्या स्प्रिंगच्या दाबाने उघडे राहते. गोणीच्या प्लॅस्टिक धाग्यांवर त्याची धार ओपिनेलपेक्षा लवकर जाते, पण बारीक दगडावर थोडक्यात परतही येते. त्याची खरी ताकद सांध्यात आहे : धूळ साचली की कोमट पाण्यात बुडवून उघडझाप करावी, झटकावे, वाळवावे आणि तेल द्यावे; लाकडाच्या मुठीला असे न्हाऊ घालता येत नाही. एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. पाते उघडे असताना ते कडीने किंवा खटक्याने अडकत नाही, म्हणून टोक रोवून पुढे रेटण्याचे काम त्याने करू नये. स्प्रिंगने हार मानली तर पाते बोटांवर मिटते. याच चाकूतला टोच्या वापरतानाही हाच धोका आहे.

हिगोनोकामी हा जपानमधील मिकी गावचा चाकू. घडी घातलेल्या पत्र्याची मूठ, एक खिळा आणि पात्यामागे बाहेर आलेली शेपटी. त्या शेपटीवर अंगठा दाबून धरला तरच पाते स्थिर राहते, जसा न्हाव्याचा वस्तरा. पाते पातळ असल्यामुळे फळ चिरताना त्याच्यासारखे सुख दुसऱ्यात नाही. सांधा सैल झाला की खिळ्यावर हातोडीचा हलका ठोका पुरतो. गावाबाहेर पाल टाकून बसलेल्या घिसाड्याने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला, हसून ठोका दिला आणि पैसे घेतले नाहीत. तरीही रोज जवळ बाळगण्यासाठी मी तो घेत नाही, कारण मिटलेले पाते अडवणारी कसलीच सोय त्यात नाही आणि पिशवीचे अस्तर फाटते.

जवळ बाळगण्याचा प्रश्न स्त्रियांच्या बाबतीत वेगळाच आहे. साडीला खिसा नसतो आणि पंजाबी ड्रेसला शिंपी खिसा शिवतो तो रुमालापुरता. आजेसासूबाई कमरेच्या चंचीत पान, चुना आणि अडकित्ता घेऊन दिवसभर रानात वावरत. त्याच मापाची जाड कापडाची चंची मी शिवून घेतली आणि तिच्यात चाकूसाठी उभा कप्पा ठेवला. गावात याकडे कोणी वळूनही पाहत नाही, कारण विळा-खुरपे सर्वांच्याच हातात असते. शहरात मात्र तारतम्य लागते. शस्त्र अधिनियमाच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे आणि घरगुती व शेतीच्या हत्यारांना त्यातून वगळले आहे. हे तिन्ही चाकू त्या मापाच्या आसपासही येत नाहीत. परंतु निवडणुका किंवा सणवार यांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली निघणाऱ्या मनाई आदेशांत सुऱ्यांचाही समावेश असू शकतो, म्हणून त्या दिवसांत चंची रानापुरतीच ठेवावी. विमानाने जायचे असेल तर चाकू हातातल्या पिशवीत चालत नाही, तो सामानाच्या बॅगेत द्यावा लागतो.

संग्रहाची ओढ रोजच्या वापरातूनच लागली आणि आता आठवडी बाजारातील भंगाराच्या फडीसमोर मी थांबल्याशिवाय राहत नाही. जुना चाकू घेताना पात्याकडे मी शेवटी पाहते. आधी पाते पूर्ण उघडून डावी-उजवीकडे हलवून पाहावे. मग स्प्रिंग पाठीशी समपातळीत येते का, हे उघड्या आणि मिटलेल्या अशा दोन्ही अवस्थांत तपासावे. त्यानंतर चाकू उजेडासमोर धरून स्प्रिंग आणि मुठीची पट्टी यांच्यामधून प्रकाश दिसतो का ते पाहावे. वरवरचा गंज घासून निघतो, पण झिजलेला खिळा बदलायला मूठ उकलावी लागते. गेल्या महिन्यात एक जुना रामपुरी असाच हाती आला होता. मूठ पितळेची आणि देखणी, उघडताना आवाजही ऐटदार. पण पाते मुठीत दोन्ही बाजूंना डुलत होते, त्यामुळे मी त्याचा भाव विचारलाच नाही.