इंदूरहून मुंबई-पुणं ऐकायचं, तर लूप घ्यावा की एसडीआर?

मीडियम वेव्हवर सुई फिरवताना गाणं नाही, बोलणं नाही, नुसता एकसारखा ‘शऽऽ’ लागला की तिथे डीआरएम, म्हणजे आकाशवाणीचं डिजिटल प्रक्षेपण आहे, असं धरून चालावं. आकाशवाणीची बरीच केंद्रं नेहमीच्या प्रक्षेपणाला खेटूनच डिजिटल सिग्नल सोडतात. आपल्याकडे दोन स्टेशनांत 9 किलोहर्ट्झचंच अंतर, त्यामुळे शेजारचं दूरचं, क्षीण स्टेशन त्याखाली दबतं. अमेरिकेतल्या, दूरची स्टेशनं ऐकणाऱ्या शौकिनांचे हाल याहून वाईट. एचडी रेडिओ या तिथल्या डिजिटल पद्धतीचा गोंगाट मुख्य स्टेशनाच्या दोन्ही बाजूंना 15 किलोहर्ट्झपर्यंत पसरतो, आणि 2007 पासून तिथे त्याला रात्रीचीही परवानगी आहे.

पैसे घालायचे झाले तर माझं मत आधी लूपला, म्हणजे चौकटीवर तार गुंडाळलेल्या अँटेनाला. डिजिटल सिग्नल आपल्या स्टेशनाच्याच पट्ट्यात शिरला की फिल्टर काही करू शकत नाही, पण त्याची दिशा वेगळी असू शकते. इंदूरहून मुंबई नैर्ऋत्येला, नागपूर आग्नेयेला, म्हणजे जवळजवळ काटकोन. चौकटीची कड मुंबईकडे धरली की नागपूर दबतं. हे आपल्या शहराचं भाग्यच! लाकडी चौकट, इनॅमलची तांब्याची तार आणि जुन्या रेडिओतला गँग कंडेन्सर (स्टेशन लावायचा फिरता कंडेन्सर) एवढ्यात लूप घरी होतो. रेडिओला जोडावाही लागत नाही, शेजारी ठेवला की पुरे. सिग्नल दबण्याची जागा मात्र फार अरुंद असते, तेव्हा चौकट अगदी हळू फिरवायची. रात्री सिग्नल आकाशातून परतून येतो, म्हणून तो दिवसाइतका साफ दबत नाही. आणि दोन्ही स्टेशनं एकाच दिशेला असली, तर लूपचा इलाज नाही.

एसडीआरने, म्हणजे संगणकाला जोडून सॉफ्टवेअरने चालवायच्या रेडिओने, त्रास कमी होत नाही, पण तो कशाचा आहे हे कळतं. वॉटरफॉलवर, म्हणजे पडद्यावर सरकत्या सिग्नलांच्या चित्रात, डीआरएम सरळ कडांचा भरीव पट्टा दिसतो, चार्जर किंवा एलईडीच्या वेड्यावाकड्या रेघा. शिवाय ‘ड्रीम’ हे मोफत सॉफ्टवेअर त्याच ‘शऽऽ’मधून कार्यक्रम काढून देतं, हा आनंद मोठा आहे. अडचण आपल्याच आकाशवाणी इंदूरची, 648 किलोहर्ट्झची: 200 किलोवॅटचं केंद्र गावालगत असताना स्वस्त 8 बिटांचा डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा एसडीआर) गुदमरतो आणि भलत्याच जागी इंदूर वाजू लागतं. त्याला 648 चा ट्रॅप, म्हणजे तेवढीच फ्रीक्वेन्सी अडवणारा फिल्टर, लावल्याशिवाय रामबाग काय, राजेंद्र नगर काय, कुठेच धड चालणार नाही.

टेकसन पीएल-330 सारखा सिंक्रोनस डिटेक्शनचा रेडिओ हा तिसरा पर्याय. डीआरएम एकाच बाजूने घासत असेल तर त्यावर स्टेशनाच्या सिग्नलाची दुसरी बाजू निवडून ऐकता येतं.

खरेदीआधी घरचा मेन स्विच बंद करून बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर लावा. ‘शऽऽ’ थांबला तर तो घरातल्याच उपकरणाचा; तसाच राहिला तर रेडिओ आडवा फिरवत जा. आतल्या फेराइट रॉडचं (रेडिओच्या आतल्या अँटेनाचं) टोक त्या डिजिटल केंद्राकडे आलं आणि आवाज घटला, तर लूपच बनवा. काहीच फरक पडला नाही, तर डोंगल आणि ट्रॅप.