अठरा प्रश्न आणि तीनशे रुपयांचा अहवाल

घरातून निघताना गॅसचा रेग्युलेटर बंद आहे ना हे मी दोनदा पाहतो, आणि कुलूप लावल्यावर ते ओढूनही पाहतो. या सवयीवरून घरात फारच थट्टा होऊ लागली, तेव्हा ‘स्वभाव आणि ओसीडी’ (ओसीडी म्हणजे नको ते विचार सतत येण्याचा आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करत राहण्याचा मानसिक विकार) यांची एकत्र चाचणी घेणाऱ्या एका ऑनलाइन सेवेकडे तीनशे रुपये भरले.

ओसीडीच्या चाचणीबद्दल तक्रार नाही. मानसशास्त्रज्ञ एडना फोआ आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेली ही १८ प्रश्नांची प्रश्नावली असून तपासणे, धुणे, मांडणी, साठवण, मनात घोळणारे विचार वगैरे सहा गटांत ती प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण देते. भाषांतर मात्र ढोबळ आहे. दुसऱ्याने हात लावलेली वस्तू नकोशी वाटते का, याला सोवळ्याच्या घरात वाढलेल्या माणसाने काय उत्तर द्यावे? रीत म्हणून हात धुणे आणि भीतीपोटी पुन्हा पुन्हा धुणे, यांतला फरक तिथे विचारलेलाच नाही.

माझे २३ गुण झाले, सीमा २१ची, म्हणून अहवालात लाल अक्षरांत ‘ओसीडी आढळला’ असा शेरा आला. मूळ अभ्यासातील निरोगी गटाचीच सरासरी १९च्या आसपास होती, हे त्यात कुठेही नाही. ही चाचणी चाळणी आहे, निदान नव्हे. त्रास किती होतो, वेळ किती जातो आणि कामे अडतात का, हे समोर बसून विचारावेच लागते. नको ते विचार मनात येणे तर बहुतेक निरोगी माणसांनाही ठाऊक असते, हे राखमन आणि डी सिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच दाखवले होते.

स्वभावाच्या भागात मी नीटनेटका आहे म्हणून धोका अधिक, असे सरळ गणित मांडले आहे. निदान न झालेल्या लोकांवरील अभ्यासांत ओसीडीसारख्या प्रवृत्तींशी ठळक नाते दिसते ते चिंताळूपणाचे, म्हणजे चटकन अस्वस्थ होणाऱ्या स्वभावाचे. शिस्तप्रियतेचे नाते त्या मानाने अगदी पुसट आहे. परिपूर्णतेच्या हव्यासातही उंच अपेक्षांपेक्षा चूक होण्याची धास्ती अधिक जड ठरते. माझ्या अहवालात चिंताळूपणाचा आलेख मध्यम होता, पण त्यावर एक ओळही नव्हती.

खुलासा मागितला, तर उत्तरादाखल दुसऱ्या चाचणीवर वीस टक्के सवलत आली. प्रश्नावलीला पाचपैकी चार तारे, अहवालाला एक.