पीठ स्वतः मळावे की गोठवलेले आणावे? बेकरीतील मजुरीचा हिशेब

किरकोळ विक्रीची बेकरी सुरू करणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. पीठ मळण्यापासून भाजण्यापर्यंत सर्व काम स्वतःच्या कारागिरांकडून करून घ्यायचे, किंवा कारखान्यात गोठवलेले वा अर्धवट भाजलेले नग आणून दुकानात केवळ शेवटची भाजणी करायची. दुसऱ्या वाटेने मजुरी वाचते, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे, कारण वाचलेल्या मजुरीचा मोठा भाग कारखान्याच्या दरातून परत द्यावा लागतो. त्यात उणे 18 अंश सेल्सिअसला माल साठवण्याच्या विजेची भर पडते. काउंटरवरच्या माणसाचा पगार तर दोन्हीकडे तेवढाच राहतो, कारण तो विक्रीवर नव्हे, तर दुकान किती तास उघडे असते यावर ठरतो.

स्वतः माल बनवताना खर्च ठरतो तो पगाराच्या आकड्यापेक्षा नगामागे लागणाऱ्या वेळेवर. समजा, दोन कारागीर प्रत्येकी 8 तास, म्हणजे एकूण 16 तास राबून 320 नग तयार करतात. नगामागे 3 मिनिटांची मजुरी पडली. त्यांतले 80 नग विकलेच गेले नाहीत, तर उरलेल्या 240 नगांवर तीच मजुरी प्रत्येकी 4 मिनिटांची होते. म्हणजे कोणाच्याही पगारात एका पैशाची वाढ न होता मजुरी एक-तृतीयांशाने महागली. शिवाय साहित्य मोजणे, यंत्र लावणे आणि धुणे यांना लहान घाण्यालाही जवळपास मोठ्या घाण्याइतकाच वेळ लागतो. म्हणून रोज थोडा थोडा माल अनेक प्रकारांत काढणाऱ्या दुकानाला कारागीर महाग वाटतो. पगार कापण्यापूर्वी प्रकार कमी करून पाहावेत, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

रात्रपाळीचा प्रश्न याहून गंभीर आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1925 साली बेकरीतील रात्रकामाविरुद्ध स्वतंत्र करार केला, त्यात रात्री 11 ते पहाटे 5 हा काळ धरला होता, आणि ती बंदी कामगारांबरोबर मालकांनाही लागू केली होती. मालकांविषयीची ही तरतूद मला फार महत्त्वाची वाटते, कारण छोट्या बेकरीत पहाटे भट्टी पेटवणारा बहुधा मालकच असतो आणि स्वतःचा पगार तो हिशेबात धरतच नाही. तो धरल्याशिवाय दोन वाटांची तुलना करण्यात अर्थ नाही.

गोठवलेला माल ही रात्र वाचवतो, यात शंका नाही. मात्र तीच सोय स्वतः मळलेल्या पिठालाही मिळू शकते: आकार दिलेले गोळे 3 ते 5 अंशांच्या थंडीत ठेवले की आंबण्याचा वेग मंदावतो, त्यामुळे मळणी दुपारी उरकून सकाळी फक्त भाजणी उरते. या थंड साठवणीच्या यंत्राच्या खरेदीचा खर्च एकदाच येतो. रात्रपाळीचा भत्ता आणि ओव्हरटाइम दर महिन्याला द्यावे लागतात.

गिऱ्हाईक बेताचे आणि जागा लहान असेल, तर गोठवलेल्या मालाने सुरुवात करणे रास्त आहे. रोजचा खप ठरावीक असेल, तर मी कारागीर नेमण्याच्या बाजूने आहे. मात्र थंड साठवणीमुळे वाचलेल्या भत्त्यातला काही भाग त्याच्या मूळ पगारात घालावा, कारण दिवसपाळी मिळाली तरी त्याच्या घरी येणारी रक्कम घटता कामा नये.