रेड बारात की बॉलीवूड ब्रास बँड, आधी काय ऐकू?

भाच्याने विचारलं, मावशी ढोल आणि ब्रास बँड एकत्र ऐकायचंय, कुठून सुरू करू? त्याला सांगितलं तेच इथे टाकतेय. आपल्याकडे विसर्जनाला दोन्ही असतं, पण बँड पुढे आणि पथक मागे, आणि नेमकं मधे सापडलात तर कुणाचंच धड ऐकू येत नाही. एकत्र वाजवायचं म्हटलं की पहिलं भांडण तेच, पुढे कोण, ढोल की ट्रंपेट?

रेड बारातमधे ढोल पुढे. ब्रुकलिनचा बँड, 2008 पासूनचा. ढोल वाजवणारा सनी जैन अमेरिकेतच वाढलेला, पंजाबी घरातला, आणि मुळात जॅझ ड्रमर. हा ढोल पथकातला नाही हं. आपण एकीकडे टिपरू आणि दुसरीकडे हाताची थाप मारतो, पंजाबी ढोलाला दोन्हीकडे काठ्या, बासच्या बाजूला जाड वाकडी आणि दुसरीकडे बारीक लवलवती तिल्ली. भांगड्याचा जो नेहमीचा ठेका, धा ना ना ना, ना धा धा ना, ज्याला चाल म्हणतात, तो सरळ मार्चसारखा पडत नाही, थोडा झुलतो, आणि न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावरच्या ब्रास बँडचा ठेकाही असाच झुलतो, त्यामुळे यांचं मिक्स ओढूनताणून चिकटवल्यासारखं वाटत नाही. खाली बासला सूझाफोन, म्हणजे अंगाभोवती अजगरासारखा गुंडाळलेला भोंगा, तोंड डोक्याच्या वर. गाणी ओळखीची हवीच असतील तर पहिल्या अल्बममधे, 'चाल बेबी'मधे (2010), 'तुनक तुनक तुन' आहे, पण खरी मजा त्यांच्या स्वतःच्या ट्यून्समधे.

बॉलीवूड ब्रास बँडमधे उलटं, गाणं पुढे आणि ढोल त्याला धरून. हे लंडनचे, 1992 पासूनचे, जबलपूरचा श्याम ब्रास बँड तिकडे गेला होता त्याच्यासोबत काम करून हे सुरू झाले. म्हणजे इंग्रजांनी लष्करी बँड इथे आणले, आपण ते लग्नात घातले आणि ते लग्नातलं परत लंडनला गेलं! सिनेमाची गाणी वाजवतात, रहमानच्या गाण्यांचा तर 'रहमानिया' नावाचा अख्खा अल्बम आहे. मी किचनमधे लावला होता तर आई पोळी लाटता लाटता थांबली, म्हणे हा आपल्या लग्नाचाच बँड ना, मग सगळे वेगवेगळं का वाजवतायत? बरोबर पकडलं तिने. आपल्या लग्नाच्या बँडमधे क्लॅरिनेट, ट्रंपेट सगळे बहुतेक एकच धून एकसाथ वाजवतात, हे लोक खाली हार्मनी, म्हणजे त्या धुनेला जुळणारे वेगळे सूर, लावतात. आईला नाही आवडलं, मला जाम आवडलं.

तिसरा जयपूर कावा ब्रास बँड, तबलावादक हमीद खान यांनी उभा केलेला. यात लग्नाच्या बँडचा बाज सगळ्यात जास्त शिल्लक आहे, पण यांचा तमाशा बघण्याचा, नुसता ऑडिओ लावून अर्धंच कळतं, त्यामुळे व्हिडिओच बघा.

तर गाणं ओळखून गुणगुणायचं असेल तर लंडनवाले, आणि घरात साठीच्या पुढचे कोणी असतील तरी तेच, आमच्या आईचं सोडा. नाचायचं असेल किंवा स्वतः ताशा, ड्रम काही वाजवत असाल तर डोळे मिटून रेड बारात. माझं मत विचाराल तर रेड बारातच, कारण लंडनवाल्यांचा ढोल मला कधीकधी फार सोज्वळ वाटतो. फक्त रेड बारातचे 2015 नंतरचे अल्बम आधी नका लावू, त्यात इफेक्ट्स आणि रॉकचा अंश वाढत गेलाय, ढोल नुसता ऐकायचा असेल तर पहिलाच बरा. आणि मोबाईलच्या स्पीकरवर तर अजिबात नको. भाच्याने तेच केलं आणि मला फोन करून म्हणतो, मावशी यात बास कुठेय? अख्खा सूझाफोन गायब! हेडफोन लाव म्हटलं.