खोक्यावर बारा हजार वॅट, मागच्या पट्टीवर साठ

२८,५०० रुपये. त्यातले ५,००० यूपीआयने, २३,५०० रोख, आणि माल घरी आणायचे टेम्पोवाल्याचे ६०० वेगळे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, मंगल कार्यालयात लागलेल्या ‘गोडाऊन क्लिअरन्स सेल’मध्ये एका होम थिएटर सेटवर हे पैसे बुडाले. कापसाचे चुकारे हातात आले की असे सेल कुठून उगवतात हे विदर्भात कोणाला सांगायला नको. भोंगा लावलेला ऑटो, ‘एमआरपी ६४,९९९’, ‘फक्त आजच’, सगळी रीत ओळखीची. तरी माणूस फसतो, कारण खोटेपणा किमतीत नसतो, आवाजाच्या आकड्यांत लपवलेला असतो. म्हणून त्या सेटच्या आत काय निघालं ते मापांसकट लिहितो आहे.

पाहिजे होतं ते साधं. सकाळी भजन नीट ऐकू यावं, रात्री टीव्हीवरच्या सिनेमातले संवाद समजावेत, एकाच सेटवर. दोन उंच टॉवर, मधला सेंटर, पाठीमागचे दोन सराउंड, बेससाठी एक सबवूफर. खोक्यावर ‘५.१’ आणि ‘१२,००० वॅट पीएमपीओ’. पीएमपीओ हा आकडा कोणत्याच मानकावर मोजलेला नसतो, छापणाऱ्याच्या मनात येईल तो असतो. वॅट पाहायचे तर आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे वॅट पाहा, तेही किती ओमवर (ओम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा) ते लिहिलेलं असेल तरच.

रक्त उसळतं ते एका क्षणाच्या आठवणीने. डेमोला एकच गाणं वाजत होतं, नुसता धडधडता बेस. मोबाइलमधलं खंजिरी भजन लावून दाखव म्हटलं तर विकणारा पोरगा म्हणाला, “डेमो पीसचं ब्लूटूथ लॉक हाय भाऊ, घरी लावा अन् मंग आयका किती आयकाचं ते.” तिथेच पाय मागे घ्यायला हवा होता. ब्लूटूथ जोडायला दहा सेकंद लागतात. ज्याला माल विकायचा आहे तो ते दहा सेकंद का नाकारेल? आणि त्याच टेबलावरच्या कापडाखाली एक जाड काळी वायर जात होती. टॉवर त्या सेटच्या अॅम्प्लिफायरवर वाजतच नव्हते, खाली दुसरा दमदार अॅम्प्लिफायर लपवला होता. ती वायर डोळ्यांना दिसली होती. आजही झोपताना ती वायर दिसते.

कोणी म्हणेल, एवढं समजतं तर घेतलं कशाला? कारण जे ऐकवलं ते खरोखर चांगलं वाजत होतं. डेमोचे टॉवर खरे होते. बंद खोक्यात दिलेले खोटे होते. सील पैसे दिल्यावरच फोडायचं, हा त्यांचा नियम, आणि सबवूफर भिंतीला असा चिकटवून ठेवलेला की मागची पट्टी वाचताच येऊ नये. अशा मांडणीपुढे वीस वर्षं सोल्डरिंग करणारा मिस्त्रीसुद्धा उभा राहून फसला असता. यात गिऱ्हाइकाचा मूर्खपणा शोधू नका, चोराची तयारी पाहा.

आता आत काय होतं ते. सबवूफरच्या मागच्या पट्टीवर बारीक अक्षरांत ‘२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ६० वॅट’. जो डबा भिंतीतून ६० वॅट घेतो तो सतत ६० पेक्षा जास्त देऊच शकत नाही. आतला ट्रान्सफॉर्मर १२-०-१२, २ अँपिअरचा, म्हणजे ४८ व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर, ढोबळमानाने वॅटच). बोर्डावर टीडीए २०३० या आयसी, म्हणजे अॅम्प्लिफायरच्या चिप. ही आयसी वाईट नाही, ४ ओमवर साधारण १४ वॅट देते. पण या जातीचा अॅम्प्लिफायर घेतलेल्या विजेतली बरीचशी उष्णतेत घालवतो, त्यामुळे सगळे चॅनल मिळून बाहेर पडतात जेमतेम पंचवीस-तीस वॅट. बारा हजार कुठे नि तीस कुठे.

टॉवरला चार-चार स्पीकर दिसत होते. वायर फक्त वरच्या वूफरला, म्हणजे जाड आवाजाच्या स्पीकरला. खालच्या वूफरला कोन आहे, रबराची कड आहे, मागे ना मॅग्नेट ना कॉइल. मधल्या आवाजाचा मिडरेंज म्हणजे जाळीमागे चिकटवलेली प्लॅस्टिकची वाटी, बारीक आवाजाच्या ट्विटरचीही तीच गत. टॉवर उचलताना जड लागला म्हणून समाधान वाटतं ना? तळाशी सिलिकॉनने चिकटवलेला फुटपाथचा सिमेंटचा गट्टू होता. लाकूड नऊ मिलिमीटरचं भुशाचं बोर्ड, आत ना आडवी पट्टी ना कापूस. बोटाच्या पेराने ठोकलं तर रिकाम्या डब्यासारखं वाजतं. चांगल्या कॅबिनेटचं एमडीएफ १५ ते १८ मिलिमीटर असतं आणि ठोकल्यावर मुका, ठस्स आवाज येतो. दुकानात सगळ्यांसमोर ठोकून पाहा, लाजू नका.

आणि ‘५.१’? मागे लाल-पांढऱ्या सॉकेटची (आरसीए) एकच जोडी. एचडीएमआयचं भोक होतं, पण आतलं सॉकेट बोर्डाला जोडलेलंच नव्हतं. डावा-उजवा आवाज तोच सराउंडला आणि सेंटरला वाटून दिलेला. खऱ्या ५.१ ला एक तर आत डॉल्बी किंवा डीटीएस उलगडणारा डिकोडर लागतो आणि टीव्हीतून आवाज आणायला ऑप्टिकल किंवा एचडीएमआय एआरसी तरी लागतं, नाही तर सहा वेगवेगळे आरसीए इनपुट. हे काहीच नसेल तर सहा डबे असूनही तो स्टिरिओच आहे, तोही बिघडवलेला, कारण पाठीमागूनही गायकाचा आवाज येतो आणि आवाजाचं समोरचं चित्र फुटतं.

तपासायला दीडशे-दोनशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. ८ ओमचा स्पीकर मीटरवर ६ ते ७ दाखवतो, ४ ओमचा तीन-साडेतीन. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलेली किंवा मुळात नाहीच. ट्विटर मोजताना मात्र त्याच्या आधी लावलेला कपॅसिटर (जाड आवाज अडवणारा छोटा भाग) वगळून थेट ट्विटरच्या टोकांवर प्रोब टेका, कारण कपॅसिटर मीटरचा डीसी प्रवाह अडवतो आणि चांगला ट्विटरही मेलेला दिसेल. मीटर नसेल तर दीड व्होल्टचा सेल वूफरच्या टोकांना क्षणभर टेकवा. प्लसला प्लस लागला की कोन बाहेर येतो. दोन्ही बाजूंचे कोन एकाच दिशेने हलले पाहिजेत. एकाची वायर उलटी असेल तर बेस गायब होतो, आणि माणूस उगाच स्पीकरला शिव्या देतो.

कपॅसिटरवरचा आकडाही वाचा. ८ ओमच्या ट्विटरला ४.७ मायक्रोफॅरड लावला तर तो साधारण ४,२०० हर्ट्झच्या वर वाजू लागतो (जितके हर्ट्झ जास्त तितका आवाज बारीक). २.२ लावला तर थेट ९,००० च्या वर. मग मधली सगळी जागा वूफरला ओढावी लागते, जे त्याला जमत नाही. संवाद घोगरे, तोंडावर रुमाल धरून बोलल्यासारखे येतात ते इथूनच. आमच्या सेटमध्ये तर कपॅसिटरही नव्हता, लागणार कशाला?

गाणी आणि सिनेमा दोन्ही पाहिजेत तर त्याच पैशात काय घ्यायला हवं होतं, हे लिहिल्याशिवाय राग पुरा होत नाही. दोन चांगले स्पीकर. सहा नाहीत, दोन. सव्वापाच किंवा साडेसहा इंची वूफर, वेगळा खरा ट्विटर, ६ किंवा ८ ओम, सेन्सिटिव्हिटी ८६ ते ८९ डेसिबल. तीन डेसिबलचा फरक म्हणजे अॅम्प्लिफायर दुप्पट लागणे, म्हणून हा आकडा वॅटपेक्षा महत्त्वाचा. ८६ डेसिबलचा स्पीकर एका वॅटवर एक मीटरवरून ८६ डेसिबल वाजतो. नऊ फुटांवर बसलात तरी दोन स्पीकर मिळून घरातल्या खोलीला तो पुष्कळ होतो. म्हणजे रोजचं ऐकणं एक-दोन वॅटचंच असतं. उरलेले वॅट लागतात सिनेमातल्या धडाक्याला आणि तबल्याच्या थापेला. खरे ३० ते ५० वॅट आरएमएस प्रत्येक बाजूला पुरे. सिनेमासाठी पुढे सवड झाली की आठ-दहा इंची वेगळा सबवूफर जोडायचा, ८० हर्ट्झच्या खालचं काम त्याच्यावर सोपवायचं.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज स्टिरिओ किंवा पीसीएमवर (टीव्हीनेच उलगडलेला साधा आवाज) ठेवा. मग सेंटरमधले संवाद दोन्ही स्पीकरमध्ये सारखे वाटले जातात आणि पडद्याच्या मधोमध ऐकू येतात. बिटस्ट्रीमवर (न उलगडलेला आवाज) ठेवला आणि पुढे डिकोडर नसला तर आवाजच येणार नाही. दोन स्पीकरमधलं अंतर आणि तुमचं त्यांच्यापासूनचं अंतर सारखं, ट्विटर कानाच्या उंचीवर, कोपऱ्यात अजिबात नाही. आपल्याकडची खोली बहुधा दहा बाय बाराची, खाली फरशी, वर स्लॅब किंवा टिन. बारा फुटांची लांबी ४७ हर्ट्झच्या आसपास घुमते, दहा फुटांची ५६ च्या आसपास. कोपऱ्यातला वूफर हे घुमणं आणखी वाढवतो आणि लोक त्यालाच दणदणीत बेस समजतात. मागच्या भिंतीला जाड गोधडी किंवा भरलेलं पुस्तकांचं कपाट, खाली सतरंजी, एवढ्यानेही संवाद सुटे होतात.

ऐकून घेताना धडधडतं गाणं ऐकूच नका, त्यात काहीही खपतं. खंजिरी भजन लावा. खंजिरीची झांज वेगळी किणकिणली पाहिजे, नुसती चर्रचर्र नाही, आणि डग्ग्याचा घुमारा गाणाऱ्याच्या आवाजावर चढता कामा नये. मग बातम्या लावा, आवाज अगदी हळू करा, शब्द समजतात का पाहा. जो स्पीकर हळू आवाजात शब्द स्पष्ट देतो तो सिनेमालाही चालतो. वूफरची कड रबराची घ्या. फोमची कड विदर्भाच्या उन्हाळ्यात काही वर्षांत पीठ होऊन गळते. आणि रात्री फीडरवर (गावच्या वीजवाहिनीवर) शेतातल्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं, तेव्हा अॅम्प्लिफायरला स्टॅबिलायझर द्या.

आता ज्यांनी मदत करायची त्यांच्याबद्दल. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “माल तं भेटला ना तुमाले? मंग फसवणूक कायची?” गट्टू टेबलावर ठेवला. म्हणे, हे दिवाणी प्रकरण आहे, ग्राहक आयोगात जा. दुसऱ्या फेरीला म्हणे, मंगल कार्यालय आमच्या हद्दीत नाही. हद्दीची सबब कायद्यातच उरलेली नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्हा (ज्याचा पोलीस थेट तपास करू शकतात असा) कुठेही घडलेला असला तरी खबर घ्यावीच लागते. फसवून मालमत्ता काढून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) चा गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. हे कलम लिहून नेलं तर उत्तर मिळालं, “साहेब आल्यावर या.” साहेब कधी येतात ते मात्र कोणी सांगत नाही. मंगल कार्यालयाच्या वहीत भाडेकरूचं नुसतं पहिलं नाव आणि बंद पडलेला नंबर. नगर परिषदेत विचारलं तर अशा सेलची परवानगी घेतली होती की नाही हेही कोणाला माहीत नाही, आणि ज्याला माहीत असावं तो रजेवर. वजनमापवाल्यांकडे लेबल नेलं. पाकिटबंद मालावर उत्पादकाचं नाव, पूर्ण पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीचा संपर्क छापणं बंधनकारक आहे. लेबलवर पत्ता म्हणून फक्त एका शहराचं नाव होतं. तिथल्या माणसाने लेबल उलटंपालटं करून परत दिलं, म्हणाला, “एमआरपी तर आहे.” बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकला, आम्ही काय करू. प्रत्येक टेबल दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवतं, आणि तोवर तो टेम्पो पुढच्या तालुक्यात दुकान मांडून बसलेला असतो. एका फोनवर थांबवता येणारा माणूस या लोकांनी जाऊ दिला, याची चीड २८,५०० पेक्षा मोठी आहे.

बिल म्हणून मिळाली ती ‘एस्टिमेट’ लिहिलेली चिठ्ठी. तिच्यावरचा जीएसटी नंबर चौदा अक्षरांचा. खरा पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की दुकानाचं नाव उमटतं. पैसे देण्याआधी तिथेच उभं राहून टाका. सेटला ब्लूटूथ असेल तर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक ‘बीआयएस केअर’ अॅपवर तपासा. विकणारा घाई करू लागला तर खोकं तिथेच सोडा.

ज्यांचं आधीच झालं आहे त्यांनी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा करता येतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. अडचण एकच आणि मोठी: नोटीस पाठवायला समोरच्याचं नाव-पत्ता लागतो. म्हणून खोकं, लेबल, चिठ्ठी, टेम्पोचा नंबर, उघडलेल्या टॉवरचे फोटो, काहीही फेकू नका, आणि जागा भाड्याने देणाऱ्यालाही दाव्यात ओढता येईल का ते वकिलाला विचारा. आमच्याकडे यूपीआयच्या पावतीवरचा बारा अंकी क्रमांक आणि खातेदाराचं नाव आहे, ५,००० रुपयांपुरतं. रोख दिलेल्या २३,५०० चा कागदावर कुठेही पत्ता नाही.