एकवीस दिवसांनी उघडी पडणारी फसवणूक: इनक्युबेटर आणि ‘हॅचिंगची अंडी’ घेण्याआधी

कोंबडीचं अंडं उबायला २१ दिवस लागतात. ऑनलाइन घेतलेल्या मशीनची परतीची मुदत बहुधा सात ते दहा दिवसांची असते. अंडी उबवणी यंत्राच्या धंद्यातली सगळी लबाडी या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत चालते. पिल्लं निघाली नाहीत हे कळतं तेव्हा मुदत संपलेली असते, आणि विकणारा फोनवर एकच उत्तर देतो: तुमची अंडीच खराब होती. अंडी विकणाऱ्याला विचारावं तर तो म्हणतो, तुमचं मशीन खराब. दोघांकडून माल घेणारा मधल्या मध्ये अडकतो. म्हणून दोष कोणाचा हे ठरवण्याची तयारी अंडी आत ठेवण्याआधी करावी लागते. नंतर करून काही हाती लागत नाही.

पहिली थाप क्षमतेची. ‘१०० अंड्यांचं मशीन’ म्हणून जे येतं त्यात बऱ्याचदा १०० अंडी बसतात ती लावरीची, म्हणजे कोंबडीच्या अंड्याहून बरीच लहान. कोंबडीचं मध्यम अंडं साधारण साडेचार सेंटिमीटर जाड असतं. हवा खेळायला जागा सोडली तर एका अंड्याला ५ बाय ५ सेंटिमीटर लागतात. म्हणजे १०० अंड्यांना ५० बाय ५० सेंटिमीटरचा ट्रे हवाच, किंवा तेवढीच जागा दोन मजल्यांत. विकणाऱ्याला ट्रेची आतली लांबी-रुंदी विचारा आणि स्वतः भागाकार करा. माप सांगायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका.

दुसरी थाप ‘९५ टक्के हॅचिंग गॅरंटी’. कशाचे ९५ टक्के, हे कुठेच लिहिलेलं नसतं. सरळ हिशेब करा. १०० अंड्यांपैकी ८५ फलित निघाली आणि त्यातली ८० टक्के उबली, तर पिल्लं होतात ६८. घरगुती मशीनसाठी हा उत्तम निकाल आहे. यापेक्षा खूप मोठा आकडा छातीठोक सांगणाऱ्याला एकतर धंदा कळत नाही, किंवा तो खोटं बोलतो आहे.

आता डब्याच्या आत काय असतं ते. स्वस्त मशीन उघडलं की बहुतेक वेळा थर्मोकोलची पेटी, दोन बल्ब, कॉम्प्युटरचा जुना पंखा आणि डब्ल्यू-१२०९ नावाचा छोटा कंट्रोलर सापडतो. हा कंट्रोलर बाजारात दोनशे रुपयांच्या आत-बाहेर मिळतो. तो वाईट नाही, घरी केलेली कित्येक मशीन त्याच्यावर चालतात. पण कारखान्यातून तो ‘कूलिंग’वर आणि दोन अंशांच्या फरकावर लावलेला येतो. विकणारा फक्त पी-० हे सेटिंग बदलून ‘एच’ (हीटिंग) करतो, फरकाचं पी-१ तसंच २.० ठेवतो. मग तापमान ३७.५ वर लावलं तरी ते ३५.५ पर्यंत उतरल्याशिवाय बल्ब लागतच नाही. तापमान असं दिवसभर वर-खाली होत राहतं आणि गर्भ पहिल्याच आठवड्यात मरू शकतो. पी-१ ची किंमत ०.२ किंवा ०.३ करा. याच साध्या कंट्रोलरला ‘पीआयडी कंट्रोलर’ (उष्णता गरजेप्रमाणे हळूहळू कमी-जास्त करणारा प्रकार) म्हणून तिप्पट किमतीत विकणारेही आहेत. ओळख सोपी आहे: रिलेचा, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा, टक-टक आवाज येऊन बल्ब पूर्ण लागत आणि पूर्ण विझत असेल, तर तो बहुधा साधा चालू-बंद थर्मोस्टॅटच असतो.

‘बॅटरी बॅकअप’ हा शब्द तर नीट तपासून घ्यावा असा. पुष्कळ मशीनमध्ये बॅटरीवर चालतात ते फक्त कंट्रोलर आणि पंखा. बल्ब २३० व्होल्टचे असतात, म्हणजे वीज गेली की उष्णता बंद. डिस्प्ले पेटलेला दिसतो आणि घेणारा निश्चिंत राहतो. विचारायचा प्रश्न एकच: वीज नसताना हीटर चालतो का, किती वॅटचा आणि किती तास? १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी २४ वॅटचा हीटर कागदावर साडेतीन तास चालवते, प्रत्यक्षात तीनच्याही आत. ग्रामीण भागातल्या भारनियमनाला ती पुरत नाही. वीज जाण्याचं प्रमाण जास्त असेल तर जाड थर्मोकोल आणि आत ठेवलेल्या पाण्याच्या भरलेल्या बाटल्या बॅटरीपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये अर्थिंगची वायर नसेल तर ते मशीन घरात घेऊ नका. आत पाण्याचं भांडं, २३० व्होल्टचे उघडे होल्डर आणि रोज हात घालायची गरज. यात माणूस मरू शकतो. प्लगला तिसरी पिन असून भागत नाही. ती आतून पत्र्याला जोडलेली आहे का, ते मल्टिमीटरने बघा.

मशीन आल्यावरचे पहिले ४८ तास

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा. मग अंडी न ठेवता मशीन दोन दिवस चालवा. अंड्यांच्या जागी पाण्याने भरलेल्या लहान बाटल्या ठेवा, म्हणजे आत खरा भार राहतो.

मशीनच्या डिस्प्लेवर विश्वास ठेवू नका, कारण तो सेन्सर विकणाऱ्याने स्वतःला हवा तिथे लावलेला असतो. बल्बच्या जवळ सेन्सर असला की डिस्प्ले ३७.५ दाखवतो आणि कोपऱ्यातली अंडी ३५.८ वर राहतात. वेगळा थर्मामीटर लागतोच. त्याची परीक्षा डॉक्टरी डिजिटल थर्मामीटरने करा. कोमट पाण्याच्या पेल्यात दोन्हींची टोकं एकत्र धरा आणि ३७ ते ३८ अंशांच्या दरम्यान किती फरक येतो तो लिहून ठेवा. डब्ल्यू-१२०९ चा सेन्सर पाण्यात चालतो, त्यामुळे त्याचीही चूक याच पेल्यात कळते आणि पी-४ मध्ये दुरुस्त करता येते. बाजारातला छोटा काळा चौकोनी थर्मामीटर-हायग्रोमीटर (तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा) पाण्यात घालू नका. तो एखादा अंश सहज चुकतो, आणि उबवणीत एक अंश खूप मोठा असतो.

आर्द्रतेची परीक्षा मिठाने होते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ते ओलं होईल इतकेच पाण्याचे थेंब टाका, पाणी तरंगू देऊ नका. हे झाकण आणि हायग्रोमीटर हवाबंद पिशवीत १२ तास ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्के होते. मीटर ६८ दाखवत असेल तर तो ७ ने कमी दाखवतो, तेवढं मनात धरून वाचा.

यानंतर ट्रेचे चार कोपरे आणि मध्य, अशा पाच जागी अंड्यांच्या उंचीवर तापमान घ्या. दर तीन तासांनी वहीत लिहा आणि वेळ दिसेल असा फोटो काढा. दुपारी दोन ते चार आणि पहाटे चार ते पाच या वेळा चुकवू नका. पंखा असलेल्या मशीनला ३७.५ अंश हवं. बिनपंख्याच्या पेटीला अंड्यांच्या वरच्या पातळीवर ३८.३ ते ३८.९. पाच जागांत एक अंशापेक्षा जास्त फरक असेल तर पंख्याची जागा चुकली आहे. मशीन परत करायची वेळ हीच.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी एक गोष्ट खास लक्षात घ्यावी. ही मशीन फक्त तापवतात, थंड करत नाहीत. एप्रिल-मे मध्ये खोली ४० अंशांवर गेली तर कुठलाही कंट्रोलर आतलं तापमान ३७.५ वर आणू शकत नाही. शिवाय पंधराव्या दिवसानंतर गर्भ स्वतःही उष्णता सोडतो. ‘बाराही महिने चालतं’ असं सांगून मे महिन्यात मशीन विकणारा माणूस गिऱ्हाइकाची अंडी शिजवतो. थंडीचा थोडा वेळ गर्भ सहन करतो, ४० च्या वरचे काही तास नाही.

अंड्यांची फसवणूक

अंडं फलित आहे की नाही, हे उबवायला ठेवण्याआधी बॅटरीच्या उजेडात कळत नाही. जो ‘कँडलिंग करून (अंडं उजेडासमोर धरून आत बघून) फलित अंडीच पाठवतो’ म्हणतो तो ताज्या अंड्यांबद्दल खोटं बोलतो. लेअर फार्मची (खाण्याची अंडी काढणाऱ्या फार्मची) अंडी, जिथे कोंबडाच नसतो, गावरान म्हणून विकली जातात. कवचाच्या रंगावरून काहीही ठरत नाही.

खात्रीची परीक्षा एकच आहे, आणि ती करायला लोक हळहळतात. आलेल्या मालातली दोन-तीन अंडी बशीत फोडा आणि बलकावरचा पांढरा ठिपका बघा. अफलित अंड्यात तो लहान, भरीव आणि वेड्यावाकड्या कडेचा असतो. फलित अंड्यात जरा मोठा, गोल आणि कड्यासारखा दिसतो. तिन्ही अंड्यांत भरीव ठिपकाच निघाला तर फोटो काढून त्याच दिवशी विकणाऱ्याला पाठवा. शिळेपणा मात्र उजेडात दिसतो: रुंद टोकाची हवेची पोकळी जितकी मोठी, तितकं अंडं जुनं. सात दिवसांहून जुनी अंडी घेऊ नका. कुरिअरने हिसके खाऊन आलेली अंडी निमुळतं टोक खाली ठेवून २४ तास विसावू द्या.

कडकनाथच्या नावावर सगळ्यात जास्त पैसे उकळले जातात. कोंबडी काळी, मांस काळपट, पण अंडं काळं नसतं. ते फिकट मलई किंवा फिकट तपकिरी रंगाचं असतं. ‘काळं कडकनाथ अंडं’ अशी जाहिरात दिसली की तिथेच थांबा. गिरिराज आणि वनराजच्या बाबतीत वेगळी गोम आहे. हे संकरित पक्षी आहेत. शेजारच्या फार्मवर गिरिराजच्याच कोंबडा-कोंबडीपासून मिळालेलं अंडं उबलं तरी पिल्लांत ते वजन आणि ती अंडी उतरत नाहीत, आणि दर मात्र मूळ जातीचा घेतला जातो. शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे आहेत. आधी तिथे चौकशी करावी.

‘पिल्लं आम्हीच परत घेऊ’ हे आश्वासन मशीन, अंडी किंवा पक्षी कशाच्याही बरोबर आलं तर सावध व्हा. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचं कडकनाथ प्रकरण याच आश्वासनावर उभं होतं आणि अनेक जिल्ह्यांतले शेतकरी त्यात बुडाले.

दोष मशीनचा की अंड्यांचा

निघाली नाहीत ती अंडी फेकू नका, फोडून बघा. वास येईल, नाक धरा, पण बघा. सातव्या दिवशी कँडलिंगला अंडं स्वच्छ, आत फक्त बलकाची सावली: अफलित, दोष अंड्यांचा. गर्भ तिसऱ्या ते पाचव्या दिवशी मेला तर लाल कडं दिसतं. तशी दोन-चार अंडी चालतात, पण निम्म्या अंड्यांत कडं दिसलं तर तापमान हेलकावत होतं किंवा अंडी शिळी होती. तुमच्या वहीतले आकडे इथे उत्तर देतात. पिल्लं १९ व्या दिवशीच, लहान आणि बेंबीला रक्त असलेली निघाली तर उष्णता जास्त. २२-२३ व्या दिवशी सुस्त निघाली तर कमी. पूर्ण वाढलेलं पिल्लू कवचाला चिकटून मेलं तर शेवटच्या तीन दिवसांत आर्द्रता कमी पडली, तिथे ६५ ते ७० टक्के हवी. ओलं, सुजलेलं आणि बलक आत न ओढलेलं पिल्लू म्हणजे आधीचे १८ दिवस पाणी जास्त किंवा हवेची भोकं बंद. त्या दिवसांत ५० ते ५५ टक्के पुरतात. कोकणात पावसाळ्यात पाण्याचं भांडं जवळजवळ लागतच नाही, आणि विकणाऱ्याची पुस्तिका मात्र रोज भरायला सांगते.

पैसे अडकले असतील तर

पूर्ण रक्कम आगाऊ एखाद्याच्या वैयक्तिक यूपीआयवर टाकू नका. बिलावर वॅट, ट्रेचं माप आणि वॉरंटी लिहून घ्या. पैसे घेऊन माल पाठवलाच नाही तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते. निकृष्ट माल आला असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. तिथे तुमची ४८ तासांची वही आणि फोटो हाच पुरावा.

फसून आलेला डबा घरात पडला असेल तर तो बहुधा दुरुस्त होतो. मासळी बाजारातला थर्मोकोलचा बर्फाचा खोका स्वच्छ धुऊन आणि वास जाईपर्यंत उन्हात वाळवूनही हेच मशीन होतं. साधारण ६० बाय ४० सेंटिमीटरच्या पेटीत ४० वॅटचे दोन पिवळे बल्ब समांतर जोडा, म्हणजे एक उडाला तरी दुसरा चालतो. एलईडी चालणार नाही. बल्ब थर्मोकोलपासून किमान १० सेंटिमीटर दूर हवा, मध्ये पत्रा लावा. १२ व्होल्टचा पंखा सतत चालू ठेवा, झोत थेट अंड्यांवर नको. खाली दोन, वर दोन, अशी बारा मिलिमीटरची चार भोकं पाडा. बल्बच्या फेज वायरमध्ये केएसडी-३०१ हा ४० अंशांचा, एरवी जोडलेला राहणारा थर्मोस्टॅट ओळीत टाका. कंट्रोलरचा रिले चिकटला तर हाच बल्बची वीज तोडतो. विकत मिळणाऱ्या स्वस्त मशीनमध्ये हा काही रुपयांचा भाग क्वचितच सापडतो. पहिल्या फेरीला अंडी सहाच ठेवा, १८ व्या दिवसापर्यंत दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा, आणि वही चालू ठेवा.